ताशी चारशे ऐंशी मैलांचा ट्रॅक्टर

"या तालुक्यात यापुढे कुणी हरवणार नाही," असं मी जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजता, चर्चच्या तळघरात, हातात कॉफीचा कप धरून जाहीर केलं. ऐकणारे तिघेच होते, हे माझं नशीब. त्या तिघांत ल्यूथर हेल्गेसन होते, हे दुर्दैव.

हेल्गेसन आमच्या गावच्या सार्वजनिक इमारतींचा कारभार बघतात. जुन्या अग्निशामक केंद्राच्या माडीवरची खोली गेली एकतीस वर्षं आमच्या हौशी रेडिओ मंडळाकडे आहे. फुकट. मंडळात आम्ही आठजण. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे जमायचं, कॉफी प्यायची, आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या एखाद्या गृहस्थाला यंत्रावरून हाक मारून त्याच्याकडे पाऊस आहे का ते विचारायचं. तो आहे म्हणतो. आपण आपल्याकडे नाही म्हणायचं. मग दोघांनी एकमेकांचे आभार मानायचे. ऐकायला हे फारसं वाटत नाही हे मला मान्य आहे. पण त्या खोलीवाचून आमच्या घरांतल्या बायकांना गुरुवार कसा झेपला असता याचा विचार कुणी केलेला नाही.

तर ही खोली हेल्गेसनना हवी होती. गावाची नाताळची रोषणाई ठेवायला जागा पुरत नव्हती. विशेषतः प्लॅस्टिकची हरणं. तीही आठच. "हरणं वर्षातून एकदा तरी उपयोगी पडतात," असं ते भर सभेत म्हणाले, आणि सभा हसली. शेवटी असं ठरलं, की यंदाच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या फेरीत रेडिओ मंडळाने आपला उपयोग दाखवावा. दिसला तर खोली मंडळाची. नाही दिसला तर हरणांची. तो उपयोग बघायला हेल्गेसन स्वतः वही-पेन्सिल घेऊन तळघरात येऊन बसले होते.

फेरी साधी असते. त्रेचाळीस जुने ट्रॅक्टर सकाळी आठला जत्रेच्या मैदानातून निघतात, डोंगरांतल्या आडरस्त्यांनी तीसेक मैल फिरतात, आणि अकराच्या सुमाराला हमरस्ता ओलांडून चर्चपाशी जेवायला येतात. पहिला ट्रॅक्टर हमरस्त्याला लागला की पोलिसाने वाहतूक अडवायची, शेवटचा गेला की सोडायची. पूर्वी हे काम पोलीस नुसत्या डोळ्यांनी करत असे. आम्ही ते शास्त्रशुद्ध करणार होतो.

त्यासाठी मी दोन डबे तयार केले होते. प्रत्येक डबा साबणाच्या वडीएवढा. आत उपग्रहाकडून आपली जागा विचारून घेणारं एक यंत्र आणि ती जागा दर मिनिटाला रेडिओवरून ओरडून सांगणारं दुसरं. तळघरातल्या संगणकाने ते ऐकायचं आणि नकाशावर टिंब ठेवायचं. टिंब सरकलं की ट्रॅक्टर सरकला. आमच्या दऱ्यांमध्ये मोबाइल लागत नाही, तिथे हा डबा लागतो. एक डबा पहिल्या ट्रॅक्टरवर, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष ड्वेन यांच्या. आणि दुसरा शेवटच्या ट्रॅक्टरवर, म्हणजे माझे सासरे इंगवाल्ड यांच्या.

सासऱ्यांचं वय ब्याऐंशी. छातीत हृदयाचे ठोके मोजून देणारं यंत्र बसवलेलं. ट्रॅक्टरच्या मागे 'शेवटचा ट्रॅक्टर' अशी पिवळी पाटी. मी डबा चिकटवत असताना त्यांनी विचारलं, हे कशाला. मी म्हटलं, तुम्ही कुठे आहात ते कळावं म्हणून.

"मी शेवटी आहे," ते म्हणाले. "पाटीवर लिहिलंय."

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. आम्हा हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम लोकांना, सरकार एकेक नाव देतं, अक्षरं आणि आकड्यांचं. त्याला कॉल साइन म्हणतात. एकाच माणसाची चार यंत्रं असली तर प्रत्येकाला तीच कॉल साइन आणि पुढे वेगळा आकडा. गाडीवरच्या यंत्राला नऊ लावायचा असा रिवाज आहे. त्या सकाळी न्याहारीच्या टेबलावर मी पहिल्या डब्यात माझी कॉल साइन आणि नऊ असं भरलं, बाकीची वीस-पंचवीस मापं बसवली, आणि त्यात एक तास गेला. दुसऱ्या डब्याला तोच उपद्व्याप कशाला, म्हणून पहिल्यातलं सगळं जसंच्या तसं दुसऱ्यात उतरवलं. अंडं गार व्हायच्या आत काम झालं. मी स्वतःवर खूष होतो.

हुशार वाचकाच्या हे इथेच लक्षात आलं असेल. संगणकाला एकाच नावाचे दोघेजण कळत नाहीत. त्याला तो एकच इसम वाटतो, आणि इसमाचं टिंब एकच असतं. आम्ही आठजण होतो, त्यातले चौघे पदवीधर. आम्हाला पावणेपाच तास लागले.

आठ वाजता नकाशा भिंतीवर उमटला. भिंतीवर म्हणजे चादरीवर. पडदा म्हणून माझ्या बायकोने, आर्डिसने, घरची चादर दिली होती, ती गुलाबांची निघाली. आर्डिस चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख, आणि तिच्या मते चांगली चादर भिंतीला ठोकायची नसते. तर त्या गुलाबांत, जत्रेच्या मैदानावर, एक लाल टिंब दिसत होतं. हेल्गेसन म्हणाले, तू दोन म्हणाला होतास. मी म्हटलं, दोन्ही ट्रॅक्टर अजून मैदानातच आहेत, टिंबं एकावर एक बसलीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पावणेनऊला टिंब अर्धा मैल पुढे गेलं आणि अर्ध्या मिनिटाने अर्धा मैल मागे आलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. मी म्हटलं, उपग्रह सकाळी जरा चुळबूळ करतात. साडेनऊला ही चुळबूळ दोन मैलांची झाली. आमचा मर्ल माझ्या शेजारी बसला होता. त्याने हा सूर्यावरच्या डागांचा परिणाम असल्याचं सांगितलं. मर्लच्या आयुष्यात जे जे बिघडतं ते सूर्यावरच्या डागांनी. त्याचा घटस्फोटही त्यांनीच झाला. दहाला टिंब एका गुलाबावरून दुसऱ्या गुलाबावर चार मैल उड्या मारत होतं, दर अर्ध्या मिनिटाला एक. मी कागदाच्या कडेला हिशेब केला. ताशी चारशे ऐंशी मैल.

हेल्गेसननी तो माझ्या खांद्यावरून वाचला.

"ड्वेनचा ट्रॅक्टर कुठल्या सालचा?"

"एकोणपन्नासचा."

"छान ठेवलाय," ते म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

मग त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, आणि मी दोन तास जो प्रश्न चुकवत होतो तो विचारला. हा उड्या मारणारा पहिला ट्रॅक्टर असेल, तर शेवटचा कुठे आहे?

चादरीवर शेवटचा ट्रॅक्टर कुठेही नव्हता. माझे सासरे नकाशावरून पुसले गेले होते. खोली तर मला हरणांच्या शिंगांवर गेलेली दिसायलाच लागली, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीती वाटली ती खोलीची नव्हे. त्या आडरस्त्यांवर एका बाजूला कडा आहे आणि दुसऱ्या बाजूला नदी.

स्वयंपाकघरातून आर्डिस हात पिठाने माखलेले अशी बाहेर आली. तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. तळघरात बातमीला चालावं लागत नाही.

"बाबा कुठे आहेत?"

"डब्याचा आवाज येत नाहीये."

"मी डब्याबद्दल विचारत नाहीये, ऑरिन."

मी म्हटलं, आत्ता शोधतो. आणि मी केलं ते कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. ड्वेनला रेडिओवर हाक मारली.

आता आमच्यात बोलण्याची एक पद्धत आहे. हाक आली की आधी समोरच्याचा आवाज कितपत स्पष्ट येतो ते सांगायचं. मग आपली हवा. मग आपल्या यंत्राची ताकद आणि आपल्या एरियलच्या तारेची उंची. ती सोडून थेट मुद्द्यावर येणं म्हणजे पाहुण्याला दारातच काय काम आहे विचारण्यासारखं. ड्वेन जुना माणूस. त्याने चालत्या ट्रॅक्टरवरून, इंजिनाच्या धडधडीत, माझा आवाज उत्तम येतो असं सांगितलं, आभाळ निरभ्र असल्याचं सांगितलं, ट्रॅक्टरला बांधलेल्या एरियलच्या काठीची उंची फुटांत आणि इंचांत सांगितली, आणि मग माझ्याकडे हवा कशी आहे असं विचारलं. मी तळघरात होतो. तरी सांगितली.

चौथ्या मिनिटाला मी विचारलं, तू मधूनमधून चार मैल मागे जातोयस का. मग ड्वेन म्हणाला की तो सर्वांत पुढे आहे, सकाळपासून पुढेच आहे, बाकीचे मागे सुरळीत येताहेत, आणि एका जुन्या मित्राकडून त्याने ही अपेक्षा केली नव्हती.

इथे माझ्यापुढे पेच पडला. एकीकडे ड्वेन, दुसरीकडे नकाशा. ड्वेन म्हणजे तोच, ज्याने गेल्या हिवाळ्यात पाच वॉटच्या इवल्याशा ताकदीवर न्यूझीलंड गाठल्याचं सांगितलं आणि पुरावा विचारल्यावर डायरी भिजली म्हणाला. नकाशा आजवर माझ्याशी कधी खोटं बोललेला नव्हता. तसा तो मी त्याच आठवड्यात बसवला होता. मी नकाशाची बाजू घेतली.

शोधपथकं निघाली. मंडळाचे पाच सभासद पाच गाड्यांतून. प्रत्येकाच्या गाडीवर त्याचा त्याचा डबा, त्यामुळे चादरीवर पाच नवी टिंबं उगवली, आणि ती इतकी रेखीव, इतकी शहाण्यासारखी चालत होती की माझा ऊर भरून आला. सगळी माणसं दिसत होती. ज्याला शोधायचं तो तेवढा सोडून. पाऊण तासाने त्यांतल्या आर्लोचं टिंब एका ओढ्यात थांबलं ते हललंच नाही. त्याने कळवलं की तो ठीक आहे, गाडी ओढ्यात आहे, आणि त्याचा आवाज आम्हाला कसा येतोय.

आर्लो खरं तर हमरस्त्यावर पोलिसाशेजारी उभा असायला हवा होता. जाताना त्याने आपला हातातला रेडिओ त्या पोलिसाच्या हातात दिला होता. पोलीस कर्ट नावाचा, दोनच महिन्यांपूर्वी बदलून आलेला. अकराला टिंब हमरस्त्याला लागलं. मी कर्टला वाहतूक अडवायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात टिंब चार मैल मागे. मी म्हटलं, सोड. पुन्हा टिंब आलं. अडव. पुन्हा गेलं. सोड. दहा मिनिटांत त्याने रस्ता नऊ वेळा बंद करून नऊ वेळा उघडला, आणि शेवटी अत्यंत आदराने विचारलं की समोर एक लाल ट्रॅक्टर उभा आहे, त्यावरचा माणूस शिव्या देतोय, त्याला सोडू का.

तो ड्वेन होता. मी म्हटलं, सोड, आणि आता शेवटचा ट्रॅक्टर सापडेपर्यंत गाड्यांना रस्ता उघडायचा नाही. एक वृद्ध हृदयरोगी बेपत्ता आहे.

त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं डोक्यावर धडधड चालू होती. तळघराला खिडक्या नाहीत. छतावरून धूळ पडत होती, कपबश्या वाजत होत्या, आणि वर अर्थातच एकामागून एक ट्रॅक्टर येऊन लागत होते. पण नुसत्या आवाजाला कॉल साइन नसते. आमचं लक्ष चादरीवर होतं.

मग कर्टचा आवाज आला. "साहेब, आत्ता एक म्हातारे गृहस्थ गेले. मागे पिवळी पाटी होती. शेवटचा ट्रॅक्टर म्हणून. रस्ता उघडू?"

मी विचारलं, "कॉल साइन काय होती?"

कर्टने थोडा विचार केला. "टोपी होती," तो म्हणाला.

मी त्याला शांतपणे समजावलं की पाटी कुणीही लावू शकतो. नकाशावर दिसल्याशिवाय कुणी आल्याचं धरायचं नाही. हेल्गेसननीसुद्धा मान डोलावली. माणूस एकदा भिंतीवरच्या नकाशासमोर तीन तास बसला की त्याचा खिडकीवर विश्वास उरत नाही, आणि इथे तर खिडकीही नव्हती.

साडेबाराला हमरस्त्यावर दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन मैलांची रांग लागली होती. ही बातमी मला उशिरा कळली. आधी कळली ती गर्दी. अडकलेल्या गाड्यांतली माणसं वासाच्या मागाने चर्चकडे चालत आली. महिला मंडळाने पन्नासेक पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत गोड सारण भरलेला प्रकार, भाजले होते, रूबार्बच्या आंबट देठांचे आणि मनुका घातलेल्या आंबट सायीचे. एरवी त्यातले निम्मे उरतात आणि पुढचा आठवडा घरोघरच्या नवऱ्यांना खावे लागतात. कुठल्याशा गावच्या बोलिंग खेळणाऱ्या बायकांची अख्खी बस आली. लग्नाला निघालेले वाजंत्री आले. दुधाच्या टँकरचा चालक आला आणि तीन तुकडे खाऊन चौथा बांधून घेऊन गेला. आणि हातात बशी घेऊन यातला जो तो आमच्या चादरीसमोर येऊन उभा राहू लागला. सामना बघावा तसे लोक टिंबं बघत होते. कुणी आर्लोच्या बाजूने होतं. कुणी ओढ्याच्या.

मागून कुणीतरी वाकून विचारलं, "एवढं कुणाला शोधताहेत?"

"इंगवाल्ड लोकेन," मी मान न वळवता म्हटलं. "ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळपासून पत्ता नाही."

"अरेरे," मागचा आवाज म्हणाला. "सकाळी तर चांगला होता."

मग पाय चावल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखतो. बावीस वर्षं दर रविवारी दुपारी मी तो ऐकत आलोय. सासऱ्यांना कवळी आहे.

मी वळलो. टोपी घातलेले, बशीत रूबार्ब, मिशीला साय. ते तासभर त्याच खोलीत होते. दोनदा रांगेत उभे राहिले होते आणि एकदा तर मर्लला कॉफी ओतून दिली होती. मर्लने आभारही मानले होते.

"इंगवाल्ड, तुम्ही कधी आलात?"

"शेवटी," ते म्हणाले.

आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आली, त्यांच्या मिशीवरची साय तिने ओल्या फडक्याने पुसली, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पुसली. विचारलं, "बाबा, जेवलात?" ते म्हणाले, दोन तुकडे झाले. ती परत आत गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही, आणि बघितलं नाही हे नीट दिसेल अशा बेताने बघितलं नाही.

तेवढ्यात ड्वेन जिन्यावरून उतरला, रागाने लाल. त्याने चादरीकडे बोट दाखवलं. टिंब आता उड्या मारत नव्हतं. चर्चच्या अंगणात, एका गुलाबाच्या पाकळीवर, जागच्या जागी किंचित थरथरत होतं.

"हा माझा डबा ना?" ड्वेन म्हणाला. "माझ्या शेजारी इंगवाल्डचा ट्रॅक्टर उभा आहे. मग त्याचा डबा कुठे आहे?"

मर्लने सूर्य म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी संगणकावर वाकलो. आलेल्या हाकांची यादी काढली. माझी कॉल साइन, नऊ. माझी कॉल साइन, नऊ. माझी कॉल साइन, नऊ. पावणेपाच तासांची यादी, आणि सगळ्या ओळींत एकच नाव. बाकीचे पाच अजून डोंगरांत असते तर बरं झालं असतं, पण एक-एक करत तेही परतले होते. फक्त आर्लो ओढ्यात होता, आणि त्याला हे ऐकता यावं म्हणून कुणीतरी रेडिओ चालू ठेवला होता.

मी जे घडलं ते सांगितलं. अंड्यासकट. कर्टला रस्ता उघडायला सांगितलं. हेल्गेसननी वही मिटली, खिशात ठेवली आणि पेन्सिल कानाच्या मागे लावली. आम्ही खोलीत काय काय आहे आणि ते कुणाच्या तळघरात मावेल याची मनातल्या मनात वाटणी करू लागलो.

मंगळवारी पंचायतीची सभा होती. आम्ही आठहीजण मागच्या बाकावर, अंत्यविधीला बसावं तसे. हेल्गेसननी अहवाल वाचला. त्यात चारशे ऐंशी मैल होते, टोपी होती, ओढा होता. कुठेही अतिशयोक्ती नव्हती, हेच दुःख. ते खोलीच्या ठरावावर आले, तेवढ्यात महिला मंडळ उभं राहिलं. सतराजणी. आर्डिस सर्वांत पुढे.

तिने एवढंच सांगितलं की चर्चचं छप्पर सहा वर्षं गळतंय, सहा वर्षं पाय विकून पैसे जमवायचं चाललंय, आणि शनिवारी सगळे पाय सव्वा तासात संपले. हे आजवर कधी झालेलं नाही. वाट अडवून माणसं चर्चपर्यंत आणायचं काम या गावात आत्तापर्यंत कुणाला जमलं नव्हतं, पाद्र्यांनाही नाही. पाद्री तिथेच होते; त्यांनी मान्य केलं. रेडिओ मंडळाचा उपयोग आहे की नाही, ते पंचायतीने ठरवावं. महिला मंडळाचं ठरलंय.

हेल्गेसनच्या पत्नी सतराजणींत तिसऱ्या उभ्या होत्या. खोली एकमताने आमच्याकडे राहिली.

बाहेर आल्यावर मी आर्डिसचे आभार मानायला गेलो. तिने माझ्या हातात महिला मंडळाचं पत्र ठेवलं. पुढच्या वर्षीच्या फेरीत रेडिओ मंडळाने पुन्हा एका माणसाला हरवावं, शक्यतो साडेअकराला, म्हणजे सँडविचेसही खपतील. सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, या वयात हा धंदा नको, दुसरा बघा.

गुरुवारी, माडीवरच्या खोलीत, मंडळाने हरवण्यासाठी एकमताने माझी निवड केली. शोधायला कुणी जायचं हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.